नोकरी हाती नसताना कॅनडात कुटुंबासाठी भाड्याचे घर: बडोद्याहून निघण्यापूर्वी काय करावे

आपला प्रश्न मी थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे उत्तर कशाचे आहे हे इतर वाचणाऱ्यांनाही कळेल. आपण, आपले पती, अकरा वर्षांचा मुलगा आणि चार वर्षांची मुलगी असे चौघे कारेलीबागेतून ऑगस्टमध्ये पीआर (कायम वास्तव्याचा परवाना) घेऊन कॅनडात जात आहात. आपण फार्मासिस्ट आहात आणि मुख्य अर्जदारही आपणच आहात. पती नंदेसरीच्या एका रासायनिक कारखान्यात प्रोसेस इंजिनिअर आहेत. दोघांच्याही हाती तिथली नोकरी नाही. मिसिसागातील एका एजंटने दोन बेडरूमचे घर दरमहा २,६०० डॉलर भाड्याने देऊ केले आहे, पण नोकरी नसल्यामुळे बारा महिन्यांचे भाडे आगाऊ, आणि तेही बडोद्यातूनच पाठवावे, अशी त्याची अट आहे. पैसे पाठवावेत का, न पाठवल्यास घर मिळेल का, आणि कारेलीबागेतला फ्लॅट भाड्याने द्यावा की बंद ठेवावा, हे आपले तीन प्रश्न आहेत.

मी बारा वर्षे मिसिसागा आणि ब्रॅम्प्टन येथे भाड्याच्या घरांच्या व्यवहारांत काम केले आणि आता बरीच वर्षे बडोद्यात, दांडिया बाजारातल्या माझ्या कचेरीतून, तिकडे निघालेल्या कुटुंबांची कागदपत्रे तयार करून देतो. त्या अनुभवावरून पहिल्या प्रश्नाचे उत्तर स्पष्टपणे देतो: हे पैसे पाठवू नका.

आधी नुसता हिशेब पाहा. २,६०० डॉलरचे बारा महिने म्हणजे ३१,२०० डॉलर. एक्स्प्रेस एन्ट्रीतून (कुशल कामगारांना पीआर देण्याच्या सरकारी योजनेतून) जाणाऱ्या, नोकरी नसलेल्या चौघांच्या कुटुंबाने आपल्याजवळ किती रक्कम आहे हे दाखवावे यासाठी कॅनडा सरकारने जुलै २०२५ मध्ये ठरवलेला किमान आकडा २८,३६२ डॉलर होता. म्हणजे चौघांनी तिथे पहिले काही महिने ज्यावर काढायचे, त्यापेक्षाही जास्त रक्कम हा एजंट एका घरासाठी, घर न पाहता, मागतो आहे. त्यानंतर किराणा, मुलांचे थंडीचे कपडे, बसचा पास, आपली फार्मसीची परीक्षा, या सगळ्यासाठी काय उरेल याचा विचार त्याने केलेला नाही, तो आपल्याला करायचा आहे.

आता कायद्याचे. मिसिसागा ऑन्टारिओ प्रांतात येते आणि तिथे घरभाड्याला २००६ चा निवासी भाडेकरू कायदा लागू आहे. त्यानुसार घरमालक फक्त एकच अनामत मागू शकतो: शेवटच्या महिन्याचे भाडे. पहिल्या महिन्याचे भाडे आणि ही अनामत मिळून दोन महिन्यांचे पैसे सुरुवातीला द्यावे लागतात. तिथले लोक याला ‘फर्स्ट अँड लास्ट’ म्हणतात. ही अनामत शेवटच्या महिन्याच्या भाड्यापोटीच वापरायची असते, तिच्यावर दरवर्षी व्याज द्यावे लागते, आणि भिंतीला ओरखडा पडला म्हणून ती कापून घेता येत नाही. नुकसानभरपाईसाठी वेगळे डिपॉझिट घेणे तिथे बेकायदेशीर आहे. चावीची अनामत घेता येते, पण ती चावीच्या खर्चाइतकीच असावी लागते आणि चावी परत दिली की ती रक्कम परत करावी लागते. पुढच्या तारखांचे चेक दिलेच पाहिजेत, अशी अटही घालता येत नाही. थोडक्यात, बारा महिन्यांची अट घालण्याचा अधिकार घरमालकाला नाही आणि त्याच्या एजंटलाही नाही.

भाडेकरूने स्वतःहून काही महिन्यांचे भाडे आधी देऊ केले, तर ती बाब वेगळी धरली जाते, आणि नवीन आलेल्या माणसांच्या बाबतीत हे सर्रास घडते. मग तीन किंवा सहा महिन्यांचे देऊन प्रश्न मिटवावा का? माझ्या कामाच्या सुरुवातीच्या काळात मी एका कुटुंबाला सहा महिन्यांचे भाडे देऊ दिले होते. चौथ्या महिन्यात मालकाने घर विकले आणि नव्या मालकाने भाडे मागितले, कारण खरेदीच्या हिशेबात ही आगाऊ रक्कम कोणी दाखवलीच नव्हती. कुटुंबाचे म्हणणे खरे होते, पण पावती नीट नव्हती, आणि दोन महिन्यांच्या भाड्यासाठी पुढचे जवळजवळ वर्षभर पत्रव्यवहार चालला. पावतीवर ‘अमुक ते अमुक महिन्यांचे भाडे’ असे लिहून घ्यायला मी त्यांना सांगायला हवे होते आणि मी सांगितले नव्हते. तेव्हापासून माझे मत ठाम आहे: घर प्रत्यक्ष पाहिले आहे, करारावर सही झाली आहे, मालकाची ओळख पटली आहे आणि तरीही घर हातचे जाते आहे, अशाच वेळी फर्स्ट अँड लास्टच्या वर फार तर दोन महिन्यांचे भाडे आपणहून द्यावे, आणि तेही बँक ड्राफ्टने, महिन्यांची नावे लिहिलेली पावती घेऊन.

पण घरमालक एवढा धास्तावलेला का असतो, हे समजून घेतल्याशिवाय त्याचे मन वळवता येत नाही. मिसिसागातले बरेच घरमालक तुमच्या-आमच्यासारखेच असतात. एखादा फ्लॅट कर्ज काढून घेतलेला असतो आणि त्याचा हप्ता भाड्यातून जात असतो. भाडेकरूने भाडे थकवले तर मालक स्वतः कुलूप बदलू शकत नाही. त्याला आधी लेखी नोटीस द्यावी लागते आणि मग लँडलॉर्ड अँड टेनंट बोर्डाकडे (घरमालक-भाडेकरू वाद सोडवणाऱ्या प्रांतिक मंडळाकडे) अर्ज करावा लागतो, ज्याची सुनावणी लागायला कित्येक महिने जातात. तेवढे महिने हप्ता त्याच्या खिशातून जातो. म्हणून तो ‘नोकरी आहे का’ असे विचारतो, तेव्हा त्याला खरे तर एवढेच जाणून घ्यायचे असते की दर महिन्याच्या एक तारखेला मागे न लागता भाडे येईल का. नोकरीचे पत्र हा त्याचा सर्वात सोपा पुरावा आहे, एकमेव नव्हे. बाकीचे पुरावे आपल्याजवळ बडोद्यातच आहेत. ते आपण कधी त्या दृष्टीने पाहिलेले नसतात, इतकेच.

म्हणून निघण्यापूर्वी एक फाइल तयार करा. माझा सर्वाधिक वेळ याच कामात जातो आणि सर्वाधिक फळ याच कामाला येते, म्हणून हे थोडे विस्ताराने सांगतो.

आपले घर स्वतःचे असल्यामुळे आपल्याजवळ जुन्या घरमालकाचे शिफारसपत्र नाही, ही आपली चिंता आहे. त्याऐवजी मध्य गुजरात वीज कंपनीची गेल्या तीन वर्षांची लाइट बिले, महानगरपालिकेच्या वेरा (घरपट्टी) पावत्या, सोसायटीच्या मेन्टेनन्सच्या पावत्या आणि गृहकर्ज फिटले असेल तर बँकेचे नो ड्यूज पत्र काढा. पावत्यांचा गठ्ठा कोणी वाचत नाही, म्हणून त्यांचा एक पानी तक्ता करा: एका रकान्यात भरण्याची अंतिम तारीख, शेजारच्या रकान्यात आपण प्रत्यक्ष भरल्याची तारीख. कागद गुजरातीत असतील तर त्यांचे प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडा; सगळ्यांचे नको, प्रत्येक प्रकारातला एक नमुना पुरतो. सोसायटीच्या सेक्रेटरींकडून लेटरहेडवर चार ओळींचे पत्र घ्या की हे कुटुंब इतकी वर्षे इथे राहते, देणी वेळेवर देते आणि शेजाऱ्यांची तक्रार नाही. त्या पत्रावर ईमेल पत्ता असणे आवश्यक आहे, कारण उन्हाळ्यात ऑन्टारिओ आपल्या साडेनऊ तास मागे असते आणि हिवाळ्यात साडेदहा तास. तिथला मालक संध्याकाळी सात वाजता चौकशीचा फोन करील, तेव्हा कारेलीबागेत पहाटेचे साडेचार वाजलेले असतील.

या तक्त्याचा उपयोग मी डोळ्यांनी पाहिला आहे. मांजलपूरचे एक कुटुंब ब्रॅम्प्टनमध्ये घर पाहायला आले होते, दोघेही नोकरीविना. मालक निवृत्त बसचालक होते. स्वयंपाकघरातल्या ओट्यावर फाइल ठेवून त्यांनी बँकेचे पत्र उलटले, पदव्यांची पाने उलटली आणि लाइट बिलांच्या तक्त्याशी थांबले. चष्मा कपाळावर सरकवून ते दोन्ही रकान्यांवरून बोट खाली नेत राहिले, एकेक तारीख जुळवत, आणि शेवटच्या ओळीपर्यंत गेले. संपूर्ण तक्त्यात एकही तारीख चुकलेली नव्हती. त्यांनी पुढचा प्रश्न विचारला तो मुलांच्या शाळेबद्दल. घर फर्स्ट अँड लास्टवर मिळाले.

फाइलमधला दुसरा महत्त्वाचा भाग पैशांचा. भारतातल्या बँकेतली शिल्लक मालकाला कळत नाही आणि पटतही नाही. तीच रक्कम कॅनडातल्या बँकेत कॅनडियन डॉलरमध्ये दिसली की कळते. तिथल्या काही बँकांत नवीन येणाऱ्यांना भारतातूनच खाते उघडता येते. ते उघडा, पैसे पाठवा आणि पोहोचल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांत शाखेत जाऊन खाते सुरू करून शिल्लक दाखवणारे पत्र घ्या. इथून पैसे पाठवताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. एका व्यक्तीने एका आर्थिक वर्षात दहा लाख रुपयांपर्यंत पाठवले तर त्यावर टीसीएस (पैसे पाठवतानाच बँक कापून घेते तो कर) लागत नाही. त्यापुढच्या रकमेवर अशा कारणासाठी २० टक्के लागतो, जो विवरणपत्र भरून परत मिळतो, पण तोवर अडकून पडतो. आपण आणि पती दोघांच्या खात्यांतून मिळून वीस लाख पाठवले, तर कॅनडियन डॉलर साठ-पासष्ट रुपयांच्या आसपास धरून तीस हजार डॉलरच्या पुढे-मागे रक्कम टीसीएसशिवाय पोहोचते.

तिसरी बाब अनेकांना ठाऊकच नसते. अठरा वर्षांखालील मुलांच्या पालकांना कॅनडा सरकार दरमहा भत्ता देते, त्याला कॅनडा चाइल्ड बेनिफिट म्हणतात. पीआर घेऊन उतरलेल्या कुटुंबाला त्यासाठी थांबावे लागत नाही; पोहोचताच अर्ज करता येतो आणि तिथले उत्पन्न शून्य असले तरी चालते. अर्जासोबतच्या पुरवणी फॉर्ममध्ये आधीचे भारतातले उत्पन्न सांगावे लागते. जुलै २०२५ ते जून २०२६ या वर्षासाठी सहा वर्षांखालील मुलासाठी कमाल ७,९९७ डॉलर आणि सहा ते सतरा वर्षांच्या मुलासाठी कमाल ६,७४८ डॉलर असा हा भत्ता आहे, आणि कुटुंबाचे उत्पन्न ३७,४८७ डॉलरच्या आत असेल तर तो पूर्ण मिळतो. दर जुलैत हे आकडे बदलतात. आपल्या दोघांचे मिळून इथले वार्षिक उत्पन्न अठरा लाख असल्याचे आपण लिहिले आहे. ते या मर्यादेच्या आतच बसते. म्हणजे या आकड्यांनी दोन मुलांचे वर्षाला १४,७४५ डॉलर, महिन्याला बाराशेहून जास्त. २,६०० डॉलर भाड्याच्या जवळजवळ निम्मी रक्कम ठरलेल्या दिवशी सरकारकडून खात्यात येणार आहे, हे मालकाला कागदावर दाखवता येते. पहिला हप्ता यायला दोन-तीन महिने लागू शकतात, म्हणून अर्ज पहिल्याच आठवड्यात करा आणि त्याची प्रत फाइलमध्ये लावा.

उरलेले कागद पटकन सांगतो: दोघांची अनुभवपत्रे, पदव्यांच्या समकक्षतेचा अहवाल, आपल्या फार्मसीच्या परीक्षा मंडळाकडे केलेल्या अर्जाची पोच, सिबिलचा (भारतातल्या कर्जफेडीच्या नोंदीचा) अहवाल, आणि पीआरच्या कागदाची प्रत. सिबिलचा गुणांक तिथे आपोआप लागू होत नाही, पण मालक चौकस असेल तर त्याला तो वाचायला आवडतो. पासपोर्टची प्रत देताना नंबराचे मधले अंक झाका. तिथे मिळणारा सोशल इन्शुरन्स नंबर भाड्याच्या अर्जात देणे बंधनकारक नाही. मी तो कोणालाही देऊ देत नाही.

सर्वात वर एक पानाचे पत्र लावा, आणि ते आपल्या शब्दांत लिहा. आम्ही कोण, मुले किती वर्षांची, कोणते काम शोधत आहोत, किती महिन्यांचे भाडे आज खात्यात आहे, कोणता भत्ता येणार आहे, आणि घर किती काळासाठी हवे आहे. विनवणीचे शब्द नकोत. दहा महिन्यांचे भाडे खात्यात असलेले कुटुंब उपकार मागत नसते.

कोणी नातेवाईक तिथे असतील तर मालक कदाचित हमीदार मागेल. हमीदार म्हणजे आपण भाडे दिले नाही तर ते भरण्याची सही करणारा माणूस. चुलत भावाने किंवा मावसबहिणीच्या यजमानांनी संकोचापोटी अशी सही करावी आणि पुढे दोन्ही घरांत अबोला यावा, हे मी पाहिले आहे. सही करायला सांगण्याआधी त्यांना संपूर्ण करार वाचायला द्या, आणि हमी एक वर्षापुरतीच आहे असे त्यात लिहून घ्या.

नकार येतीलच. ऑन्टारिओच्या मानवाधिकार संहितेनुसार मूळ देश, वंश, धर्म किंवा मुले आहेत या कारणावरून घर नाकारता येत नाही, आणि तिथल्या मानवाधिकार आयोगाची भूमिका अशी आहे की पूर्वीचा भाड्याचा किंवा क्रेडिटचा इतिहास नसणे हे अर्जदाराच्या विरुद्ध धरू नये. हे माहीत असावे, नम्रपणे सांगताही यावे. तक्रारीचा मार्ग मात्र लांबचा आहे आणि सप्टेंबरमध्ये मुलांची शाळा सुरू व्हायच्या आत तो घर मिळवून देणार नाही, म्हणून नकार ऐकला की पुढच्या घराकडे वळावे, असा माझा सल्ला असतो.

आता घर केव्हा आणि कसे घ्यायचे. कुटुंबाचे घर बडोद्यातून ठरवू नका. इथून फक्त चार ते सहा आठवड्यांची तात्पुरती सोय ठरवा, सामानासह असलेली आणि स्वयंपाक करता येईल अशी. काही कुटुंबे आधी पतीला एकट्याला पाठवून घर शोधण्याचा विचार करतात. आपल्या बाबतीत तो मार्ग बंद आहे, कारण मुख्य अर्जदार उतरल्याशिवाय सोबतच्या सदस्यांना पीआर म्हणून उतरता येत नाही. आपण एकट्या आधी जाऊ शकता, किंवा चौघे एकत्र. मी आपल्या जागी असतो तर चौघांनी जुलैच्या अखेरीस निघालो असतो. तिथली घरे बहुधा महिन्याच्या एक तारखेपासून मिळतात आणि साधारण महिना-दोन महिने आधी जाहीर होतात, त्यामुळे जुलैअखेर पोहोचलेल्याला १ सप्टेंबरची घरे निवांत पाहता येतात. सरकारी शाळेतला प्रवेश राहत्या पत्त्यावर ठरतो, आणि शाळा सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारची सुट्टी झाली की सुरू होते.

एजंट घ्यायला हरकत नाही. मिसिसागासारख्या ठिकाणी भाडेकरूच्या एजंटची फी बहुतेक वेळा मालकाच्या बाजूनेच दिली जाते. इथल्या दलालासारखे एक महिन्याचे भाडे भाडेकरूने द्यावे लागत नाही. तो परवानाधारक आहे का, हे ऑन्टारिओच्या रिअल इस्टेट कौन्सिलच्या सार्वजनिक नोंदवहीत नाव टाकून पाहता येते. आपल्याला बारा महिन्यांचे भाडे मागणाऱ्या गृहस्थांचे नाव तिथे आजच शोधा. नाव सापडले नाही तर संपर्क तिथेच थांबवा. सापडले, तरी पैसे पाठवण्याचे कारण नाही, कारण खऱ्या एजंटचे नाव आणि खऱ्या घराचे फोटो वापरून तिसराच माणूस पैसे मागतो, हा तिथल्या फसवणुकीचा नेहमीचा प्रकार आहे. चार वर्षांपूर्वी वाघोडिया रोडचे एक कुटुंब पाच हजारांहून अधिक डॉलर पाठवून, दोन लहान मुले आणि आठ बॅगा घेऊन टॅक्सीतून एका दारापुढे उतरले, आणि दार उघडणाऱ्या बाईंना त्यांच्या कराराबद्दल काहीच माहीत नव्हते. त्या रात्री ते कुठे झोपले हे मला फोनवर सांगताना त्या मुलांच्या आजोबांना बोलवत नव्हते. घराचा खरा मालक कोण, हे प्रांताच्या जमीन नोंदणीच्या संकेतस्थळावर थोडे शुल्क भरून पाहता येते; करारावर सही करणाऱ्याचे ओळखपत्र त्या नावाशी जुळले पाहिजे.

कमी भाड्यात बसावे म्हणून अनेक बडोदेकर बेसमेंट घेतात. बेसमेंट म्हणून नाक मुरडू नये, पण पाहताना घाई करू नये. प्रत्येक झोपण्याच्या खोलीला, आग लागल्यास मोठा माणूस बाहेर पडू शकेल अशी खिडकी आहे का, धुराचा आणि कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारी यंत्रे आहेत का, आणि नगरपालिकेकडे ते दुसरे घर म्हणून नोंदलेले आहे का, हे विचारा. कपाटे उघडून भिंतीच्या खालच्या कोपऱ्याला हात लावून पाहा. ओल डोळ्यांआधी हाताला कळते. हीटिंगची कळ वरच्या मजल्यावर असेल तर जानेवारीत खालच्या घराची ऊब वरच्या कुटुंबाच्या मर्जीवर राहते. ‘हायड्रो’ म्हणजे तिथे वीज, पाणी नव्हे. वीज, गॅस आणि पाणी भाड्यात धरले आहे की टक्केवारीने वाटून द्यायचे, आणि वाटायचे तर किती टक्के, हे करारात लिहून घ्या. आणखी एक गोष्ट फार महत्त्वाची आहे: स्वयंपाकघर किंवा न्हाणीघर मालकाबरोबर सामाईक असेल, तर मघाचा भाडेकरू कायदा त्या घराला लागूच होत नाही. तात्पुरत्या मुक्कामाला ते चालेल, वर्षाच्या घराला चालणार नाही.

करार ऑन्टारिओ सरकारच्या ठरावीक नमुन्यातच असावा लागतो. ३० एप्रिल २०१८ पासून हे सक्तीचे आहे. मालकाने तो दिला नाही तर लेखी मागणी करा. २१ दिवसांत मिळाला नाही तर एका महिन्याचे भाडे रोखून धरण्याचा हक्क भाडेकरूला मिळतो. आपल्याकडे नोंदणी टाळण्यासाठी अकरा महिन्यांचा करार करायचा आणि बाराव्या महिन्यात पुन्हा घासाघीस करायची, अशी सवय झालेली असते. तिथे वर्ष संपले म्हणून घर सोडावे लागत नाही. करार आपोआप महिन्या-महिन्याने पुढे चालू राहतो, आणि मालकाला घर परत हवे असेल तर कायद्याने ठरवलेले कारण दाखवावे लागते. स्वतः राहण्यासाठी हवे असेल तर किमान ६० दिवसांची नोटीस द्यावी लागते आणि सहसा एका महिन्याच्या भाड्याइतकी भरपाईही. आपल्यालाही सोडताना ६० दिवस आधी लेखी कळवावे लागते. घर १५ नोव्हेंबर २०१८ नंतर प्रथमच राहण्यासाठी वापरात आले असेल, तर वार्षिक भाडेवाढीची सरकारी मर्यादा त्याला लागू नाही, म्हणून चकचकीत नवी इमारत पाहून हुरळून जाण्याआधी पुढच्या वर्षीच्या भाड्याचा विचार करा. जुन्या घरांसाठी ही मर्यादा २०२५ मध्ये २.५ टक्के होती आणि २०२६ साठी २.१ टक्के आहे.

हे सगळे ऑन्टारिओपुरते आहे. ब्रिटिश कोलंबियात अर्ध्या महिन्यापर्यंत, अल्बर्टात एका महिन्यापर्यंत डिपॉझिट घेता येते, आणि क्वेबेकमध्ये घेताच येत नाही. पतींच्या क्षेत्राचा विचार केला तर, ऑन्टारिओतच राहायचे ठरले तर पेट्रोकेमिकल कारखान्यांचे सार्निया, आणि बाहेर जायची तयारी असेल तर अल्बर्टात एडमंटनच्या आसपासचा भाग पाहण्यासारखा आहे. पहिला वर्षभराचा करार मिसिसागात करण्यापूर्वी या दोन्ही ठिकाणी अर्ज टाकून उत्तरे काय येतात ते पाहावे, असे मला मनापासून वाटते.

शेवटी कारेलीबागेचा फ्लॅट. तो भाड्याने द्या. त्याचे भाडे लहान असले तरी ते नियमित उत्पन्न म्हणून फाइलमध्ये दाखवता येते, आणि बंद घराला वाळवी आणि ओल दोन वर्षांत धरते. भाडेकराराची प्रत इंग्रजीत करून घ्या आणि भाडेकरूची पोलीस नोंद स्वतः असतानाच करा. आपण अनिवासी झाल्यावर भाडेकरूने भाड्यातून सुमारे ३१ टक्के टीडीएस कापून भरावा लागतो आणि भाडे एनआरओ खात्यात (अनिवासी भारतीयांच्या इथल्या उत्पन्नासाठीच्या बँक खात्यात) घ्यावे लागते; हे भाडेकरूला आधीच सांगा, नाहीतर दोघांनाही नोटिसा येतात. सासूबाई बडोद्यातच राहणार आहेत असे आपण लिहिले आहे. घराचे व्यवहार पाहण्यापुरते कुलमुखत्यारपत्र त्यांच्या नावे करून ठेवा, आणि ते निघण्याच्या निदान तीन आठवडे आधी करा, म्हणजे नावात किंवा सर्व्हे नंबरात चूक निघाली तर दुरुस्त करायला आपण दोघे इथे असाल.